मालसूनची दाद

माझं काम काय, असं कुणी विचारलं तर मी सांगते, "टीव्हीत असते." समोरच्याचे डोळे विस्फारतात. मग मी सांगते की टीव्हीत म्हणजे मागच्या बाकावर, आणि आश्चर्य वाटल्याचे मला पैसे मिळतात. डोळे पुन्हा जागेवर येतात.

सोलमध्ये आमच्यासारख्या बायका ढिगानं सापडतील. पन्नाशी-साठीच्या, पोरं वेगळी झालेली, घरात थोडी चणचण आणि अंगात थोडी हौस. सकाळी ठरलेल्या स्टेशनबाहेर जमायचं. मुकादमीण आम्हाला बसमध्ये कोंबते आणि स्टुडिओत नेऊन पायऱ्या-पायऱ्यांच्या बाकांवर मांडते. काळे कपडे नकोत, मोठ्या फुलांचे नकोत. फिकट गुलाबी, फिकट पिवळे चालतात. पाहुण्यानं विनोद केला की हसायचं. कुणी बालपणीच्या हालअपेष्टा सांगायला लागलं की डोळ्याला रुमाल लावायचा. आणि डॉक्टर जेव्हा सांगतो की अमुक पाला खाऊन एक म्हातारी काठी टाकून डोंगर चढायला लागली, तेव्हा म्हणायचं, "ओऽऽ!"

कॅमेऱ्याशेजारी एक माणूस उभा असतो. त्याला आम्ही हातवाला म्हणतो. त्याचा हात वर गेला की 'ओऽऽ' वर न्यायचा, पंजा फिरला की "अगंबाई!", मूठ मिटली की चिडीचूप. आणि खरी गंमत पुढेच आहे. डॉक्टर-बिक्टर कुणी यायच्या आतच आमच्याकडून ओऽऽचा साठा भरून घेतात, हिवाळ्यापूर्वी किमचीचं लोणचं घालून ठेवावं तसा. समोर मंच रिकामा. एक पोऱ्या खुर्च्या पुसत असतो, आणि आम्ही त्याच्याकडे बघून डोळे मोठे करतो, माना डोलावतो, छातीवर हात ठेवतो. पुढे कात्री चालवणारे लोक ते हवं तिथं चिकटवतात. तुम्ही घरात बसून बघता तेव्हा वाटतं, बाई डॉक्टरचं बोलणं ऐकून थक्क झाली. बाई प्रत्यक्षात खुर्ची पुसणाऱ्याला बघून थक्क झालेली असते.

या कामातली आमची राणी म्हणजे मालसून. माझ्या शेजारीच बसायची. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, बोलायला लाजाळू. पण तिचा ओऽऽ! आमचा घशातून यायचा, तिचा कुठून तरी खालून यायचा. ऐकणाऱ्यालाही वाटावं की अरे, खरंच काहीतरी मोठं घडलं की. हातवाला तिला, आणि तिच्याबरोबर मला, मुद्दाम पुढच्या रांगेत बसवायचा आणि कॅमेरा तिच्या तोंडावर यायचा. मी चेष्टा करायची, "मालसून, तू असलीस की डॉक्टरला डिग्रीचीसुद्धा गरज नाही."

"गप गं," ती म्हणायची, "मला ताईची सवय आहे."

ही ताई म्हणजे तिची थोरली बहीण बुन्नाम. दक्षिणेला समुद्राकाठच्या गावात राहायची. आई लवकर गेली, तेव्हा बुन्नामनंच मालसूनला पाठीला बांधून वाढवलं. त्यांच्या भागात एक गाणारा आणि एक ढोलवाला एवढ्यावर दिवसभराची कथा चालते, आणि ऐकणारे मधेमधे दाद देतात. बुन्नामला त्याचं वेड. पाठीवरची पोर बोलायला शिकायच्या आत दाद द्यायला शिकली, तीही बरोब्बर जागी. गाणारा थांबून हसायचा म्हणे. बुन्नाम सगळ्या गावाला सांगायची, "आमच्या धाकटीच्या गळ्यात खोटं बसतच नाही. दाद मागून मिळत नाही, ती आपोआप निघते."

बुन्नामचा नवरा समुद्रानं नेला होता आणि मूलबाळ नव्हतं. मालसून वर्षातून एकदा, चुसॉकच्या सणाला जायची, भात-मासे खाऊन परतायची. बाकीचं वर्ष बुन्नामनं टीव्ही चालू ठेवला. मालिका बघायला नव्हे. कुठल्या कार्यक्रमात, कुठल्या रांगेत आपली धाकटी दिसते ते बघायला. दिसली की गावच्या चावडीत फोन. चावडीतल्या म्हाताऱ्या खालून तापवलेल्या फरशीवर आडव्या पडलेल्या असायच्या, त्या उठून बसायच्या. "ती बघा, पिवळ्या स्वेटरातली! कशी ऐकतेय बघा!" मालसूनला याचा फार आनंद. ती मला म्हणायची, ताईला भेटायला जाता येत नाही, पण तिच्या घरात तर मी रोज असते. मलाही तेव्हा ते गोडच वाटलं होतं. कसलं गोड!

बुन्नामची मूत्रपिंडं अधू होती. तालुक्याच्या डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं, अर्क नको, काढा नको, पूड नको, फळांचा रस तर मुळीच नको. भाजी उकळून पाणी फेकायचं आणि मग खायची. मालसूनच दर फोनला विचारायची, "पाणी फेकलंस ना, ताई?"

त्या वसंतात आमच्या सकाळच्या कार्यक्रमात एक काळं फळ आलं. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा बेटावर होतं म्हणे. पांढऱ्या डगल्यातल्या डॉक्टरनं सांगितलं, याचा अर्क रक्त धुतो, आणि रक्त धुतलं की मूत्रपिंडाला विसावा मिळतो. आणि त्याच वेळी, अगदी त्याच मिनिटाला, शेजारच्या चॅनलवर तोच अर्क डबेच्या डबे विकायला होता. हा योगायोग आमच्याकडे रोज सकाळी होतो. डॉक्टरला विचारा, तो म्हणेल, मी काही विकत नाही. दुकानवाल्याला विचारा, तो म्हणेल, मी कुठं औषध आहे म्हटलं? आणि आम्हाला विचाराल, तर आम्ही नुसतं ओऽऽ म्हटलं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, पण इथं आंधळं कोण आणि कुत्रं कोण, तेच कळत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर मालसूनकडे गावाहून खोकं आलं. मी तिच्याकडे जेवायला गेले होते, मीच दोरी कापली. सुकवलेलं समुद्रशेवाळ, तीळ, घरची मिरचीपूड, आणि त्याखाली काळ्या अर्काच्या पिशव्या. एकावर एक, नीट रचलेल्या.

मालसूननं तिथूनच फोन लावला.

"ताई, हे काय पाठवलंस?"

पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता, बुन्नाम मोठ्यानं बोलायची. "अगं, अर्धं तुला, अर्धं मला. तुझ्याही वयाला आता जपायला हवं. मी सकाळ-संध्याकाळ घेते."

"कधीपासून?"

"तू सांगितलंस तेव्हापासून."

"मी कधी सांगितलं?"

"म्हणजे? त्या डॉक्टरनं रक्ताचं सांगितलं आणि तू ओऽऽ म्हणालीस की! मी बघितलं ना. तुझा एवढा मोठा चेहरा आला होता पडद्यावर. मी म्हटलं, आमची मालसून अशी दाद देतेय म्हणजे वस्तू खरी आहे."

मालसूननं तिला समजावलं, ओरडली, रडली. तो ओऽऽ आधीच भरून घेतलेला होता, डॉक्टर तेव्हा स्टुडिओत पोचलासुद्धा नव्हता, मी एका माणसाच्या हाताकडे बघत होते, हे सगळं सांगितलं. बुन्नाम शांतपणे म्हणाली, "तुला माझ्या पैशाची काळजी वाटतेय. असू दे गं. काही नाही." आणि मग जाता जाता बोलली, "पाय जरा सुजलेत. पण घाण बाहेर पडताना आधी सूज येते आणि मग उतरते. तेही सांगितलंय त्यांनी."

दुसऱ्याच दिवशी पहिल्या बसनं आम्ही दोघी निघालो. मला मालसूननं बोलावलं नव्हतं. पण तिला एकटीला सोडवेना. अख्ख्या वाटेत ती एवढंच म्हणत होती, "तिनं माझं ऐकलं. हीच तर पंचाईत आहे, तिनं माझंच ऐकलं."

बुन्नाम दारात आली. पाय भोपळ्यासारखे, डोळ्यांच्या फटी झालेल्या, श्वास लागलेला. आणि हसत होती. आत टीव्ही ठणाणा चालू होता. शेल्फावर अर्काच्या पिशव्या पितरांच्या पूजेला फळं मांडावीत तशा मांडलेल्या.

"ताई, चल. आत्ता गाडी बोलावते. हॉस्पिटलात जायचं."

"हॉस्पिटलात काय, ते म्हणतील हे बंद करा. आता कुठं गुण यायला लागलाय आणि बंद करू?"

"हा गुण आहे? आरशात बघ!"

"सूज म्हणजेच गुण. तुला कळत नाही, तू कार्यक्रम अर्धाच ऐकतेस वाटतं." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मीसॉनची आई ना तुम्ही? तुम्हीही दिसता, हिच्या उजव्या हाताला. बसा, भात टाकते."

मालसूननं पिशव्या उचलून मोरीत ओतायला सुरुवात केली. बुन्नामनं तिचा हात धरला. दोघी बहिणींची ती ओढाताण, त्यात एकीचे हात सुजलेले, मला बघवेना. मग मालसूननं टीव्हीची वायर उपटली, तो उचलला आणि अंगणात नेऊन ठेवला. मला वाटलं, सुटलो. बुन्नामनं चपला शोधल्या, त्यांत पाय मावेनात, तर तशीच अनवाणी चावडीच्या वाटेला लागली. तिथं टीव्ही होता. टीव्ही अंगणात नेता येतो, बाईच्या डोक्यात जाऊन बसलाय तो कुठं नेणार? भिंतीला धरून धरून चालली होती. अर्ध्या वाटेत तिला दम लागला, तेव्हा आम्ही तिला दोन्ही बाजूंनी धरून परत आणली.

"मला का छळतेस?" तिनं विचारलं. आता ती रडत होती. "तू दिसतेस म्हणून मी तो लावते. तू सणाला येतेस, एक रात्र राहतेस. तिथं मात्र रोज येतेस. बरी होऊन मी सोलला येणार होते, तुझ्याकडे राहायला. त्यासाठी पितेय ना मी."

मालसून तिच्या पायांशी बसली. "ताई, मी खोटं बोलले गं. पैशासाठी."

"बोलशील एकवेळ खोटं. पण ती दाद होती. मी तुला पाठीवर असल्यापासून ऐकतेय. ती खोटी काढताच येत नाही तुला."

पालथ्या घड्यावर पाणी. बाहेर ऊन चढत होतं आणि बुन्नामच्या छातीतून घरघर ऐकू यायला लागली होती. तिला जबरदस्तीनं गाडीत घालायला आम्ही दोघी पुरणार नव्हतो, आणि ती दार धरून बसली असती तर ओढायची कुणाला हिंमत होती? मला मनापासून वाटलं, ही बाई आज आपल्यासमोर जाणार. हसत हसत, गुण येतोय म्हणत.

मालसून एकदम उठली. डोळे पुसले. माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "हात कर."

"काय?"

"हातवाल्यासारखा. कर."

मला कळलं. मी म्हटलं, "नको गं."

"कर म्हणते ना!"

मी हात वर केला. समोर बुन्नामचा केरसुणी ठेवायचा कोपरा होता. मालसूननं त्या केरसुणीकडे बघितलं, डोळे मोठे केले, छातीवर हात ठेवला, आणि म्हणाली, "ओऽऽ!" तस्साच. खालून आलेला, भरलेला, खरा.

बुन्नामनं मान वर केली.

मी पंजा फिरवला. मालसून भाताच्या उलथन्याकडे बघून म्हणाली, "अगंबाई! हे तर मला माहीतच नव्हतं!" डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. मूठ मिटली, चेहरा कोरा. हात वर, ओऽऽ. फाटक्या मोज्याला ओऽऽ. माशी मारायच्या जाळीला ओऽऽ. रिकाम्या भिंतीला ओऽऽ. मध्येच रुमाल काढून भिंतीसाठी रडलीसुद्धा. एकाहून एक सरस. माझा हात दुखायला लागला, मी थांबू बघत होते, तर ती ओरडली, "चालू ठेव! तिला बघू दे!"

मी बुन्नामच्या चेहऱ्याकडे बघत होते. आधी तिला मौज वाटली, हसलीसुद्धा. मग हसू थांबलं. मग ती फक्त बघत राहिली, मालसूनच्या तोंडाकडे, माझ्या हाताकडे, पुन्हा तोंडाकडे. आणि मग तिनं नजर खाली घातली. घरात कुणी मेल्याची बातमी यावी आणि माणसानं जागीच बसून राहावं, तशी बसली.

"पुरे," ती म्हणाली. "गाडी बोलाव."

पिशव्यांकडे तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. निघताना अंगणातल्या टीव्हीकडे बोट करून शेजारणीला म्हणाली, "तो घेऊन जा. मला नको." टीव्ही सोडा, टीव्ही सोडा असं आम्ही आल्यापासून कानीकपाळी ओरडत होतो. सोडला.

हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, आणखी एक-दोन दिवस गेले असते तर हृदयच बंद पडलं असतं. मूत्रपिंडं मात्र गेलीच. आधीच अधू होती, अर्कानं किती गेली आणि नशिबानं किती, हे सांगता येत नाही, असंही ते म्हणाले. म्हणजे न्यायनिवाडा करायला कुठं जायची सोय नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, जन्मभर.

मालसूननं काम सोडलं. सोलची खोली सोडली, ताईकडे राहायला गेली. मुकादमीण तिला पुष्कळ दिवस फोन करत होती, तुझ्यासारखी दाद कुणाला येत नाही म्हणून. तिच्या जागी आता दुसरी बसते. तिचा ओऽऽ पत्र्याच्या डब्यासारखा आहे, पण विकणाऱ्यांचं काही अडलेलं नाही. घरोघरी चालतो. मालसूनचे जुने ओऽऽ तर अजून अधूनमधून चिकटवतात, कधी गुडघ्याच्या दुखण्याला, कधी केस गळण्याला. मी बघते आणि बंद करते. मग पुन्हा लावते. घर फार गप्प वाटतं.

शरदात मी त्यांना भेटायला गेले. फळं नेता येत नाहीत, म्हणून लोकरीचे मोजे नेले. डायलिसिसच्या खोलीत प्रत्येक खाटेवर एक छोटा टीव्ही टांगलेला असतो, वेळ जावा म्हणून. बुन्नामनं आपला भिंतीकडे वळवून ठेवला होता. रंग बरा दिसत होता, सूज उतरली होती. मालसून शेजारी स्टुलावर बसून तिच्या पायाला तेल चोळत होती.

"ताई, आज डॉक्टर म्हणाले, आकडे चांगले आलेत," मालसून म्हणाली.

नर्स आली तेव्हा बुन्नामनं तिला विचारलं, "आकडे कसे आलेत?" नर्स म्हणाली, चांगले. तेव्हा कुठं तिनं मान हलवली.

"भाजीचं पाणी फेकून दिलंय," मालसून म्हणाली. बुन्नामनं डबा उघडून वास घेतला, बोटानं चाचपलं.

मालसून मला बाहेर घेऊन गेली आणि सांगायला लागली, "ताई रागावत नाही, गं. शिव्या देत नाही. दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, बाहेर ऊन पडलंय, की खिडकीशी जाऊन बघते. मी म्हटलं, मला भूक नाही, की माझ्या तोंडाकडे बघत राहते, हात कुठं आहे ते शोधल्यासारखं. गावात गाणारा आला होता. तिला चाकाच्या खुर्चीत घालून नेलं. सगळे दाद देत होते. माझ्याही तोंडातून निघाली, आपसूक, लहानपणीसारखी. तिनं कानावर हात ठेवले."

आम्ही आत आलो. मालसून खाटेशी बसली आणि बहिणीचा हात, तो सुया नसलेला, आपल्या हातात घेतला. "ताई," ती म्हणाली, "मला तुझ्याशिवाय कुणी नाही गं." आणि तिला रडू कोसळलं. आवाज नव्हता. खांदे नुसते हलत होते आणि पाणी बुन्नामच्या मनगटावर पडत होतं.

बुन्नाम तिच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता. नुसती चाचपडत होती, अंधारात जिना उतरताना पुढची पायरी आहे की नाही ते बघावं तशी. तिला विश्वास ठेवायचा होता, हे मला स्पष्ट दिसत होतं. मग ती माझ्याकडे वळली.

"मीसॉनची आई," तिनं हळूच विचारलं, "ही खरंच रडतेय का?"

"खरंच रडतेय, ताई," मी म्हटलं. "अगदी खरं. माझ्या लेकीची शपथ."

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"तुम्ही अजून जाता ना," ती म्हणाली, "त्या कामाला?"